पद्मिनी वीणाला शिकारीला नेते

पद्मिनी डबीर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ भागात, एका लहान गावात राहते. तिथल्या हॉस्पिटलात ती पॅथॉलॉजिस्ट आहे. "मला पेशंट दिसत नाहीत, त्यांचे तुकडे दिसतात," हे वाक्य तिचंच, आणि ते ती जेवणाच्या टेबलावर म्हणते. मूळची नागपूरची. बोलणं सडेतोड, आणि कुठलीही गोष्ट हातात घेतली की ती युनिव्हर्सिटीची परीक्षा असल्यासारखी करणार. पोहायला शिकायचं ठरवलं तेव्हा आधी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचली, मग पाण्यात उतरली, आणि बुडता बुडता शिकवणाऱ्याला त्याची चूक सांगितली, असं गिरीश सांगतो.

गिरीश तिचा नवरा. हायवे खात्यात पूल तपासतो. माणूस इतका मवाळ, की घरात उंदीर सापडला तर तो त्याला डब्यात घालून, गाडीने दूर नेऊन शेतात सोडतो. तोच उंदीर परत येतो असं पद्मिनीचं म्हणणं. गिरीशच्या मते तो दुसरा असतो.

या दोघांची एकुलती एक मुलगी वीणा. चौऱ्याऐंशी साली ती बारा वर्षांची झाली आणि शिकारीचं खूळ घरात शिरलं.

त्या भागात नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, आणि त्या दिवशी शाळांना चक्क सुट्टी असते. अर्धे मास्तर जंगलात गेल्यावर शाळा उघडणार कोण? बारा पूर्ण झालेल्या मुलाला एक कोर्स करून, मोठ्या माणसाच्या सोबतीने बंदूक घेऊन जाता येतं. वीणाच्या वर्गातली बहुतेक मुलं जाणार होती. सप्टेंबरात एका संध्याकाळी तिने जेवताना विषय काढला.

"डॅड, विल यू टेक मी?"

गिरीशच्या हातातला घास हातातच राहिला. "कुठे?"

"डिअर हंटिंग. एव्हरीबडीज डॅड टेक्स देम."

"बाळा, मी तुला म्युझियमला नेतो," गिरीश म्हणाला. "तिथे सगळी हरणं आहेत. पेंढा भरलेली."

वीणा हट्ट करणाऱ्यातली नाही. नुसती पानातल्या भाताकडे बघत बसते, आणि ते हट्टापेक्षा वाईट. पद्मिनी भाजी वाढत होती. वाढून झाल्यावर म्हणाली, "मी नेते."

"तू?" बापलेक एकदमच म्हणाले.

"का? मला दोन पाय आहेत, दोन डोळे आहेत."

पुढे मला तिने खरं कारण सांगितलं. नागपूरला ती लहान असताना मामा तिच्या दोन्ही भावांना उमरेडकडच्या रानात तितर मारायला न्यायचा. ही जीपपर्यंत जायची आणि तिथून परत पाठवली जायची. संध्याकाळी तितर सोलायचं काम मात्र हिच्याकडे यायचं. "तेव्हापासून सोलते आहे," ती म्हणाली. "एकदा आधीचा भागही बघावा म्हटलं."

कोर्स गावातल्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होता. बारा वर्षांची पोरं, आणि पहिल्या रांगेत डॉक्टर पद्मिनी डबीर, पेन उघडून. तिने पहिल्याच संध्याकाळी इतके प्रश्न विचारले की मागची मुलं घड्याळाकडे बघायला लागली आणि वीणा खुर्चीत खाली खाली घसरत जवळजवळ जमिनीला टेकली. गोळी नेमकी कुठून शिरली पाहिजे हे शिकवणारा फळ्यावर दाखवत होता, तेव्हा पद्मिनीने उठून खडू मागितला आणि फुप्फुसं थोडी पुढे सरकवून दिली. परीक्षेत ती हॉलमध्ये पहिली आली. वीणा दुसरी. घरी आल्यावर पद्मिनीने विचारलं, "तुझा एक कुठला चुकला?" वीणाने सांगितलं नाही.

बंदूक त्यांच्या शेजारच्या वॉल्टरने दिली. वॉल्टर खाणीतून रिटायर झालेला, गप्पिष्ट माणूस; डोंगराच्या उतारावर त्याची स्वतःची जमीन होती. हरणं कधी आणि कुठून येतील हे तो छातीठोकपणे सांगायचा आणि ते सहसा चुकायचं, पण त्याचा उत्साह काही कमी व्हायचा नाही. त्याच्या शेतात टरबुजं ठेवून दोघींनी नेमबाजी केली. वीणाचा नेम चांगला निघाला. पद्मिनीने बंदूक खांद्याला नीट न टेकवल्यामुळे तिचा खांदा काळानिळा झाला. हॉस्पिटलात एका नर्सने तो पाहिला आणि दार लावून घेऊन हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? नवरा कसा आहे? गिरीशला हे कळल्यावर तो दोन दिवस हॉस्पिटलच्या रस्त्याने गेला नाही.

पण गिरीशवर खरी पाळी नोव्हेंबरात आली. हरणाचं नाक फार तिखट असतं, असं कोर्समध्ये शिकवलं होतं. पद्मिनीने घरातले कोट हुंगून बघितले आणि शिकारीच्या आधीचा आख्खा आठवडा घरात फोडणी बंद केली. हिंग नाही, लसूण नाही, मोहरी तडतडणं नाही. गिरीश उकडलेल्या भाज्या खात होता आणि फोनवर मला सांगत होता, "लोक म्हणतात शिकारीत हरणाचे हाल होतात. अजून मोसम सुरूही झाला नाहीये, यार."

सोमवारी उजाडायच्या आत दोघी वॉल्टरच्या उतारावर एका ओकच्या झाडाला टेकून बसल्या. अंगात थरांवर थर, वर भडक नारिंगी जाकिटं, नारिंगी टोप्या. बर्फ भुरभुरलं होतं. बंदूक वीणाच्या मांडीवर. वॉल्टरने सांगितलं होतं, उजाडलं की समोरच्या खिंडीतून येतील, सात-आठ तरी. उजाडलं. समोरच्या खिंडीतून एक खार आली.

वीणाला त्या सकाळी वेगळाच शोध लागला. घरी पेपरच्या आड गप्प बसणारी आपली आई जंगलात गप्प बसू शकत नाही. पद्मिनी कुजबुजत होती. मामाच्या जीपचा रंग कुठला होता. धाकटा भाऊ तितर मेलं की कसा रडायचा आणि घरी येऊन शूर असल्यासारखं कसं सांगायचा. आपल्या अंगात डॉक्टरचा पांढरा कोट आपल्या आईने पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती काय म्हणाली.

"मॉम, यू आर नॉट सपोज्ड टू टॉक."

"मी कुठे बोलते आहे?" पद्मिनी कुजबुजली, आणि पुढचं सांगायला लागली. वीणाने दुसऱ्यांदा अडवलं नाही. यातलं काहीच तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दूरवर दुसऱ्या डोंगरावर दिवाळीसारखे बार वाजत होते. यांच्या उतारावर शांतता. दुपारी थर्मासमधला चहा संपला आणि त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. पद्मिनी उठली, "आलेच," म्हणाली आणि मागच्या झुडपांकडे गेली. इतके थर उतरवणं म्हणजे साधं काम नव्हतं. आधी जाकीट काढून तिने फांदीला टांगलं, मग बाकीचं.

आणि नेमका तेव्हा तो आला. खिंडीतून नाही, भलतीकडूनच. चांगला शिंगांचा नर, वाऱ्याकडे नाक करून, एक एक पाऊल टाकत. झुडपाआड पद्मिनी अर्धी उठलेली, तशीच थिजली. तिला हरीण दिसत होतं, आणि पलीकडे वीणाची टोपी. वीणाने बंदूक उचलली. खांद्याला टेकवली. पद्मिनीने श्वास रोखला.

बार झाला नाही. वीणाने बंदूक खाली घेतली आणि सेफ्टीचा खटका लावला. हरणाने आणखी थोडा वेळ दोघींनाही दर्शन दिलं, शेपटीचा पांढरा झेंडा वर केला, आणि गेलं.

पद्मिनी कशीबशी कपडे सावरत आली. "काय झालं? बंदूक अडकली का?"

"नो."

"मग? एवढं समोर आलं होतं!"

"आय डिडन्ट नो व्हेअर यू वेअर," वीणा म्हणाली. मग आईला नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "तू कुठे आहेस ते मला माहीत नव्हतं. सांगितलं नाहीस. मग नाही मारायचं."

सोबतच्या प्रत्येकाची जागा माहीत असल्याशिवाय बार काढायचा नाही, आणि जागा सोडायची तर कुठे जातो ते सांगून सोडायची. कोर्समधला हा पहिलाच नियम. हॉलमध्ये पहिल्या आलेल्या बाईंनी तो मोडला होता. पद्मिनी झाडाला टेकून बसली. रिकाम्या थर्मासचं झाकण घट्ट लावून म्हणाली, "बरोबर आहे तुझं." तिच्या तोंडून हे वाक्य मी पंधरा वर्षांत ऐकलेलं नाही, पण वीणा शपथेवर सांगते.

शनिवारी त्या परत गेल्या. या वेळी पद्मिनी मिनिटभरही हलली नाही, आणि चहा घरीच ठेवला होता. ऊन चढल्यावर एक तरुण नर खालून वर आला. शिंगं आखूड, पण नियमात बसणारी. वीणाने एकच गोळी मारली. तो थोडा धावला, आणि एका पडलेल्या झाडाशी बसला तो उठला नाही.

दोघी त्याच्याजवळ गेल्या. वीणा ओठ घट्ट मिटून उभी होती. पद्मिनीने नियमाप्रमाणे मागून जाऊन, काडीने डोळ्याला स्पर्श करून बघितलं. मग बाह्या वर केल्या, सुरी काढली आणि गुडघ्यांवर बसली. हा भाग आपला, असं तिच्या मनात अगदी पक्कं होतं. आयुष्यभर हेच तर केलं. पोट उघडून तिने हात आत घातला, आणि थांबली.

"मॉम?"

हॉस्पिटलात पद्मिनीकडे जे येई ते थंड येई, बाटलीतून, ट्रेमधून. ही ऊब तिच्या हातांना ठाऊक नव्हती. बाहेर बर्फ होतं, आणि तिचे बधिर झालेले हात त्या उबेत हळूहळू मोकळे होत होते. तिला त्याची लाजही वाटली आणि हात काढावेसेही वाटेनात.

वीणा शेजारी बसली आणि तिने हरणाचा मागचा पाय धरून ठेवला. "इट्स वॉर्म," ती म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पाय सोडला नाही.

"हो. गरम आहे," पद्मिनी म्हणाली. आणि मग तिला जे येत होतं ते तिने केलं. एक एक अवयव बाहेर काढून ती नावं सांगायला लागली, कोण जाणे का, मराठीत. ही फुप्फुसं. ही प्लीहा. हे काळीज.

"काळीज?" वीणाने विचारलं. "आजी फोनवर म्हणते ते? काळजाचा तुकडा?"

"तेच."

वीणाने ते हातात घेऊन बघितलं. "इट्स हेवी."

गोळीचा आवाज ऐकून वॉल्टर खालून वर आला. हे काम तो दहा मिनिटांत उरकतो. पद्मिनीला तास लागला, कारण तिने प्रत्येक अवयव उलटसुलट करून रोगाची लक्षणं बघितली. वॉल्टर टोपी हातात घेऊन उभा राहिला, मग खाली बसला, मग त्याने सोबत आणलेलं सँडविच खाल्लं. शेवटी त्याने विचारलं, "डॉक, तो कशाने मेला ते सापडलं का?"

घरी गिरीश गॅरेज रिकामं करून वाट बघत होता. आपण बघणार नाही, बाहेरही येणार नाही, असं त्याने सकाळी जाहीर केलं होतं. वॉल्टरचा ट्रक आल्यावर तो गरम पाण्याची बादली घेऊन बाहेर आला. हरणाकडे त्याने एकदा बघितलं आणि मग वीणाचे हात पाण्यात धरून धुवायला लागला, ती तीन वर्षांची असताना धुवायचा तसे.

"रडू आलं का गं?"

"मारताना नाही. नंतर."

"बरं," तो म्हणाला, आणि नखांतून रक्त निघेपर्यंत धूत राहिला.

पुढच्या रविवारी आम्हा चार मराठी घरांना जेवायचं आमंत्रण आलं. फोनवर सगळ्यांनीच सांगितलं, येतो, पण नुसते भेटायला. आमच्यातली लतिका तर म्हणाली की हरणाचे डोळे आठवून ते खाणं तिला शक्यच नाही. पद्मिनीने नागपूरच्या पद्धतीचा, डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा केला होता. लतिकाने चवीपुरता घेतला, मग भातावर घेतला, मग घरी न्यायला डबा मागितला. गिरीशने वरण-भात खाल्ला आणि सगळ्यांना वाढलं.

वीणा पुढची दोन वर्षं गेली, पण हाती काही लागलं नाही. नंतर शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला लागली आणि तिची सुट्टी त्यात जायला लागली. पद्मिनी मात्र दर वर्षी त्या सोमवारी रजा टाकते. वॉल्टरच्या उतारावर त्याच ओकला टेकून एकटी बसते. तिला आजवर एकही हरीण मिळालेलं नाही. आम्हाला दाट संशय आहे की ती अजूनही बोलते.

डबीरांच्या घरातलं दुसरं हरीण गिरीशने मारलं, गेल्या ऑक्टोबरात, पूल तपासून परत येताना, आपल्या गाडीने. अचानक आडवं आलं, ब्रेक दाबेपर्यंत धडक झाली. त्याने घरी फोन केला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. पद्मिनी लगेच निघाली. रस्त्याच्या कडेला गिरीश हरणाशेजारी बसलेला, अंगातला कोट काढून त्याच्यावर घातलेला. पद्मिनीने वाकून तपासलं आणि म्हणाली, लगेच गेलं, त्याला काही कळलं नसेल. ते खरं होतं की नाही हे मी तिला विचारलेलं नाही. मग तिने गिरीशला आपल्या गाडीत बसवलं, हीटर लावला, आणि घरी येईपर्यंत त्याला मामाच्या जीपच्या गोष्टी सांगत राहिली.

या एका बाबतीत पद्मिनीने त्याला आजवर चिडवलेलं नाही. ते काम आम्ही करतो.