दामिनीचं ‘काहून’

दामिनी पराते बुटीबोरीच्या एका कारखान्यात कापड तपासते. दिव्याखालून तागा सरकत जातो, आणि तुटलेला धागा तिच्या नजरेतून सुटत नाही. तिचे बाबा, चंपतराव, हातमागावर लुगडी विणायचे. माग मोडीत निघाला त्याला आता बारा वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी ती गाते. पियुष इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, गोलू ड्रम. बँडचं नाव ‘धोटा’. मागावर इकडून तिकडे पळतो ना, तो.

पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड करायचं ठरलं. तीन इलेक्ट्रिक, दणक्याची. दोन नुसत्या साध्या गिटारवर. नागपुरातल्या सदर भागात स्टुडिओ चालवणारे मधुकरराव माणूस भला. पुण्यात नव्या बँडची गाणी काढणारे कुणी त्यांच्या ओळखीचे होते, त्यांना ते ही गाणी ऐकवणार होते. तिकडे पसंत पडली तर गाणी नागपूरबाहेर जातील, या आशेवर तिघं दोन वर्षं खपली होती.

घोडं अडलं चौथ्या गाण्यात. ‘माग काहून थांबला, बाबा, सांग नं मले.’

स्टुडिओत कटाक्षाने पुस्तकी बोलणारे मधुकरराव म्हणाले, ‘काहून’चं ‘का’ कर, ‘मले’चं ‘मला’ कर. असं नाटकातला नोकर बोलतो, पुण्यात लोक हसतील.

हसणं दामिनीला नवं नव्हतं. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात तिने वर्गात ‘काहून’ विचारलं होतं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला होता. पुढची तीन वर्षं तिने वर्गात प्रश्नच विचारला नाही.

तरी तिने ‘का’ म्हणून पाहिलं. सूर ‘हून’वर चढायचा, ‘का’ला ती पायरीच नव्हती. ‘का बरं’ म्हटलं, तर शेजारणीची चौकशी केल्यासारखं वाटलं. बापाला असं कोण विचारतं?

मग मधुकररावांनी तोड काढली. शब्द राहू दे, पण गिटार-ड्रम इतके वाढवू की तो बुडून जाईल. गोलूलाही ते पटलं.

दामिनीने पियुषच्या गिटारची वायर काढून ठेवली. “हे गाणं साध्या गिटारवर होईल, काका. अक्षरन् अक्षर ऐकू गेलं पाहिजे.”

मधुकररावांचा पारा चढला. “अवं, तुह्या भल्याचंच सांगून राहिलो नं मी! काहून आयकत नाही वं तू?”

गोलूने तोंडात रुमाल कोंबला.

“काका,” पियुष हळूच म्हणाला, “माइक चालू हाय.”

पुसून टाक, असं मधुकरराव म्हणाले खरे. पण मग त्यांनीच ते लावायला सांगितलं. स्वतःचा आवाज त्यांनी दोनदा ऐकला. गावाकडे, पाटणसावंगीच्या घरी ते असेच बोलायचे, चाळीस वर्षांमागे. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “म्हण वं.”

एका दमात गाणं झालं. दोन इलेक्ट्रिक, तीन साधी, अशी रेकॉर्ड पुण्याला गेली. आठ दिवसांनी निरोप आला: चाली छान आहेत, पण ते चौथं गाणं बदलल्याशिवाय घेता येणार नाही.

मधुकररावांनी फोन पुढे धरला. “काय लिहू त्याले?”

“विचारा,” दामिनी म्हणाली, “काहून?”

त्यांनी तेवढंच लिहिलं. उत्तर आलं नाही. रविवारी तिघांनी गाणी स्वतःच नेटवर टाकली. चौथं सुरू होतं ते मधुकररावांच्या त्याच खेकसण्याने. ते ठेवायचंच, असा त्यांचा हट्ट होता.