मांजरीची सुई कुणाकडे

नवरा उन्हाळ्यात गेला. त्या वर्षी घरात दिवाळी करायची नव्हती, आणि आईनं सेलूत एकटं बसून दुसऱ्यांची दिवाळी बघू नये असं पुण्याच्या लेकीला वाटलं. तिनं कोकणात समुद्राजवळ भाड्यानं घर घेतलं, माझं ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं आणि मग मला फोन केला. मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. भाजीवाल्यानं शिळी मेथी गळ्यात मारली तरी बरं. नाही म्हणायलासुद्धा अंगात थोडी धग लागते, ती माझ्यात उरली नव्हती.

फोन ठेवल्यावर आठवलं की घरात मांजर आहे आणि तिला शुगर आहे.

मांजरीला शुगर आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघून हसू आवरतो. परभणीचे जनावरांचे डॉक्टरही पहिल्यांदा हसले होते. बाहेर दोन म्हशी खोळंबल्या होत्या आणि आम्ही नवरा-बायको टोपलीत मांजर घेऊन बसलो होतो, की ही बादलीभर पाणी पिते आणि तरी वाळतच चालली आहे. मग त्यांनी रक्त तपासलं आणि हसणं बंद केलं. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्या म्हणाले. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, साखर एकदम उतरते. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मांजर नवऱ्याची होती. मोंढ्याच्या बाजारातून येताना त्यांनी ती पिशवीत घालून आणली होती, ज्वारीबरोबर. लाड त्यांचे आणि सुई माझी, अशी आमच्यात वाटणी होती, कारण सुई बघितली की त्यांना घाम फुटायचा. ते तिच्याशी तासन्‌तास बोलत बसायचे. पेपरातल्या बातम्यासुद्धा सांगायचे. मी यायची, तिच्या मानेची सैल कातडी चिमटीत धरायची, टोचायची आणि आपल्या कामाला लागायची. मी तिच्याशी कधी चकार शब्द बोलले नाही. जन्मभर पोरींना गणित शिकवलेल्या बाईला मांजरीशी काय बोलायचं ते सुचत नाही. आमच्यात वैर नव्हतं, पण माया म्हणावी असंही काही नव्हतं.

लेक म्हणाली, "आई, पुण्यात मांजरांना ठेवून घेतात. तिला घेऊनच ये ना." पण ही बया टोपलीत बसून पुण्यापर्यंत गप्प राहणारी नव्हती. देवगाव फाटा यायच्या आत तिनं अख्खी गाडी डोक्यावर घेतली असती. औषधाच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "माणसाला टोचायचं आसंल तर सांगा बाई, मी सोता येतो. हिनं बोचकारलं तर मलाच सुया घेत फिरावं लागंल." त्याचंही काही चुकत नव्हतं. मी बरं म्हणून घरी आले.

शेवटी शेजारच्या वैनी आपण होऊन आल्या. आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच आहे. त्यांचं किराणा दुकान आहे, घर लिंगायत आणि कडक. गळ्यात लिंग, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्यांच्या सासूला शुगर होती आणि त्या माउलीला शेवटपर्यंत वैनींनीच टोचलं. माझी पंचाईत त्यांना भिंतीपलीकडून कळली असावी.

"मी टोचते की. त्यात काय यवढं?" त्या म्हणाल्या.

"पण वैनी, ती मासळीच्या वासाचं खाते. तुम्हाला चालेल का?"

"म्या कुठं खायलेय? नाकाला पदर लावीन. फकस्त वाटी तुमच्याच घरात ठिवा, माझ्या घरात नगं."

त्यांनी माझ्यासमोर एकदा टोचूनही दाखवलं. हात इतका हलका, की मांजरीनं मान वळवूनही बघितलं नाही. मी तर तिला रोज दचकवायची. मी सांगितलं की आधी खाणं, मग सुई. त्या "हाव, हाव" म्हणाल्या. शेवटच्या बाकावरून येणारा होकार मी वर्गात लांबून ओळखायची. पण सासूची एवढी वर्षं सेवा केलेल्या बाईला उलटून काय विचारायचं, म्हणून मी इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात दाखवली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

किल्ली कमरेला खोचताना त्यांनी विचारलं, "सायेब दवाखान्यात होते तवा कोण टोचायचं हो?"

"मीच," मी म्हटलं.

नवरा परभणीला दवाखान्यात होता तेव्हा मी रोज सकाळ-संध्याकाळ गाडीनं सेलूला यायची, मांजरीला खाऊ घालायची, टोचायची आणि मिळेल त्या गाडीनं परत जायची. लेक त्यांच्याजवळ बसायची. शेवटच्या दिवशी संध्याकाळी निघताना ते मला म्हणाले, तिला आधी खाऊ घाल. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून ते हे रोज सांगत, जसं काही मला माहीतच नव्हतं. मी वैतागून हो हो म्हटलं. परत जाताना गाडी मानवत रोडला थांबली होती आणि तिथं लेकीचा फोन आला. मी ऐकून घेतलं. नंतर परभणी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. समोरची बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, तिनं मूठभर पुढं केल्या, मी त्या खाल्ल्यासुद्धा. दवाखान्यात आणि नंतर घरी सगळे म्हणाले, बाई फार धीराच्या. धीर कसला? मला काही लागतच नव्हतं. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याच्या हाताला काढल्यासारखा वाटतो, तशी मी अख्खी झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे बाहेर बसलेले असताना मी मांजरीला टोचलं होतं. एक आतेसासू म्हणाली, "या मांजरीपायी शेवटची भेट चुकली बघ." मला त्याचाही राग आला नाही.

हे सगळं मी वैनींना थोडक्यात सांगितलं. त्या उंबऱ्याला टेकून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मुक्या जिवाला काय म्हाईत बाई." आणि गेल्या.

कोकणातला समुद्र मोठा होता. त्याविषयी मला याहून जास्त सांगता येणार नाही. लेक सारखी माझ्या तोंडाकडे बघायची, आईला काही वाटतंय का म्हणून. मी छान आहे म्हणायची. जावयानं शहाळं आणून दिलं, तेही छान आहे म्हटलं. सकाळी पाण्यात पाय घालून उभी राहिले, लाट आली, पायाखालची वाळू सरकली आणि मी तशीच उभी. रोज वैनींचा फोन यायचा. खाल्लं, टोचलं, फिकीर करू नका. मी बरं म्हणायची. घरी फोन करून मांजरीची चौकशी करावी, असं मला आपणहून एकदाही वाटलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही घराच्या पायरीवर बसलो होतो. लेकीनं एकच पणती लावली होती, तीही माझ्याकडे न बघता. तेवढ्यात वैनींचा फोन आला. मागं फटाक्यांचा नुसता धडधडाट चालला होता.

"बाई, मान टाकलीय हो तिनं. उचलली तर पाय लोंबायलेत. डोळे उघडे हायेत, पन बघंना झालीय."

"खाल्लं का तिनं?"

"कुठलं खायलीय! दुपारधरनं फटाके वाजायलेत, पलंगाखालून निघंनाच."

"मग सुई?"

"सुई मगाशीच दिली की. पलंगाखाली हात घालून."

वैनी रडवेल्या होऊन सांगायला लागल्या. "दिवे लागल्यावर सुई हातात धरावी का बाई? आन आज तर लक्ष्मी यायचा वखत. मी रोजच दिव्याच्या आदी टोचून घ्यायले, मग पूजा उरकून येऊन वाटी ठिवायले. सासूबाईला बी तसंच होतं. आदी सुई, मग ताट. आजवर खायली की ती!"

मला सगळं एकदम समजलं. माणसाची सुई जेवणाच्या आधी असते, त्यांचा हात त्याच वळणाचा. आणि दिवे लागल्यावर सुई माझ्या आईनंही कधी कुणा शेजारणीला दिली नव्हती, मागायला आली तरी "सकाळी ने" म्हणायची. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि किल्ली देताना डोक्यात आलं नाही. पहिल्या दोन संध्याकाळी मांजर उशिरा का होईना खात होती म्हणून निभावलं. आज फटाक्यांनी घात केला.

"वैनी, साखरेचं दाट पाणी करा. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. बोटानं हिरड्यांना चोळा," मी म्हटलं. आवाज वर्गातला होता, अगदी कोरडा.

"तेच करायले. सासूबाईची बी शुगर लो व्हायची तवा…" पुढचं फटाक्यात बुडालं.

लेकीनं तिच्या फोनवरून परभणीच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, चोळत राहा, दुसरं आत्ता काही करण्यासारखं नाही, शुद्धीवर आली की खाऊ घाला आणि सकाळी घेऊन या. मी ते वैनींना सांगितलं. त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. त्या साडी-दागिन्यात, पूजेचं ताट तसंच टाकून, मासळीच्या वाटीशेजारी माझ्या घरात जमिनीवर बसल्या होत्या.

"हलंना बाई," त्या म्हणाल्या. "तुमी बोला तिच्याशी. मी कानाला लावते फोन. घरातला आवाज हाय तुमचा, वळखंल."

"मी काय बोलू?"

"काई बी बोला. पन बोला."

मग नुसते फटाके. मी फोन धरून बसले. लेक बघत होती, जावई बघत होता. मला मांजरीला हाक कशी मारायची तेही माहीत नव्हतं.

"ए," मी म्हटलं. "मी आहे."

पलीकडे बांगड्या वाजत राहिल्या.

"मी आहे. ऐकतेस ना? मी निघालेय तिथून. गाडीतच आहे." मी असं का म्हणाले कुणास ठाऊक. मी पायरीवर बसले होते आणि समोर समुद्र होता. "मानवत रोड आलंय. आता कितीसं राहिलंय? तेवढं थांब. तिला आधी खाऊ घातलं हो, तुम्ही सांगितलं तसंच घातलं. मग टोचलं. आता येतेच आहे. मी येईपर्यंत थांबा. ऐकताय ना? तेवढं थांबा."

लेकीनं तोंडावर हात दाबून धरला होता. मला थांबता येईना. मी तेच तेच म्हणत राहिले. थांबा, मी येतेय, थांबा. छातीत इतकं दुखायला लागलं की बसवेना, आणि ते दुखणं माझं होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा मला लागलं.

कितीतरी वेळानं वैनी ओरडल्या, "कान हलला बाई! चाटायली, बोट चाटायली माझं! अगं बाई, मान उचलली!"

मी फोन मांडीवर ठेवला आणि मोठमोठ्यानं रडायला लागले. जावई उठून आत गेला. लेक घाबरून जवळ आली आणि तिनं माझे दोन्ही खांदे धरले.

"काय झालं आई? गेली का ती?"

"नाही गं," मी म्हटलं. "थांबली. ती थांबली."