किड्याचा उजवा दात

भावोजींनी काढलेला किडा रताळ्यासारखा दिसत होता. पाय फुटलेलं रताळं. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "वहिनी, खरं सांग, कसा आहे?"

"उकडायला घालू का?" मी म्हटलं.

भावोजींशी मी एवढं बोलू शकत असे. बाहेरच्या माणसासमोर मात्र माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही बोरिवलीला बैठ्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या, त्यात सासूबाई, हे, मी आणि माझे धाकटे दीर. दीर कॉलेजात किड्यांचा अभ्यास करत. सुट्टीच्या दिवशी डोंगराकडच्या रानात जाऊन दगड उलथत बसत. तिथे आंब्याच्या एका कुजलेल्या ओंडक्यात त्यांना काळे चकचकीत भुंगेरे सापडले. बोटाच्या दोन पेरांएवढे, पाठीवर उभ्या रेघा. हातात धरले की चिर्र चिर्र करत. ओंडका फोडला तेव्हा आतल्या बोगद्यात नर, मादी आणि अळ्या सगळे एकत्र राहत होते.

"म्हणजे आमचीच चाळ," सासूबाई म्हणाल्या.

भावोजींचे सर जवळच राहायचे. त्यांनी पुस्तकं चाळली, दुसरीकडचे किडे मागवून पाहिले आणि सांगितलं की हा किडा आजवर कोणी लिहून ठेवलेला नाही. आता त्याचं वर्णन करून पाठवायचं, ते छापून आलं म्हणजे तो जगाला ठाऊक होणार. वर्णन भावोजी इंग्रजीत लिहीत होते. पण सोबत चित्र हवंच होतं. कॉलेजात एक चित्रकार होता, सगळ्यांची चित्रं तोच काढी.

मी म्हटलं, "मी काढून बघू?"

माझी शाळा चौथीत सुटली, पण माझा हात चांगला होता आणि ते मला माहीत होतं. चाळीत कोणाकडे मंगळागौर असो की बारसं, रांगोळीला मलाच बोलावत. त्या रांगोळ्या संध्याकाळपर्यंत पुसल्या जात. हे चित्र कुठेतरी राहणार होतं. म्हणून ते माझ्या हातचंच जावं, असं मला फार वाटू लागलं. मी तसं कोणाला सांगितलं नाही.

भावोजींनी मेलेला किडा टाचणीला टोचून पाटावर ठेवला आणि वर भिंग बसवलं. मी दुधाच्या कपाटाच्या जाळीचा एक तुकडा कापून किड्यावर धरला. जाळीच्या जितक्या चौकटी, तितके ठिपके कागदावर मांडले. मग कुठली रेघ कुठल्या ठिपक्याजवळून जाते, एवढंच बघायचं. ते मला नवं नव्हतं.

"जाळी खंय गेली गो?" सासूबाईंनी विचारलं. "मांजर दूध पिऊन जायत."

"किड्यासाठी घेतली."

"घरात ढेकूण काय कमी आसत, म्हणान आता किडे काढूक बसलंस?"

पण दुपारी भांडी त्यांनीच घासली, मला हाक मारली नाही.

डावी बाजू पुरी झाल्यावर मी कागद मधोमध दुमडला, मागून नखाने घासलं आणि उजवी बाजू उमटवून घेतली. मग शाई फिरवली. किडा इतका नीटस झाला की हे कामावरून आल्यावर त्यांनीही चिमणीजवळ नेऊन पाहिला.

रविवारी सर आले. मी आतल्या दाराआड उभी राहिले. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. पाय छान आहेत म्हणाले, पाठीवरच्या रेघा छान आहेत म्हणाले. मग डोक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा उजवा दात कुठून आणला?"

किड्याच्या डोक्याच्या पुढच्या कडेला दोन दात होते. डावा लांब आणि रुंद, उजवा अगदी आखूड. ते मी काढतानाच पाहिलं होतं. मला वाटलं, लाकूड कुरतडून बिचाऱ्याचा तो झिजला असेल. रांगोळीत एखादी पाकळी आखूड पडली तर आपण ती ओढून सारखी करतो, तसा मी तो सारखा करून दिला होता.

सरांनी खिशातून डबी काढली. त्याच ओंडक्यातले आणखी किडे तिच्यात होते. "बघ," ते भावोजींना म्हणाले, "एकूण एक असाच. तो झिजलेला नाही, तो जन्माचाच तसा. याचे भाऊबंद आहेत त्यांच्यापासून हा वेगळा ठरतो तो या दातावरून. दात सारखा केला तर नवा किडा उरतच नाही."

सर पुढे म्हणाले, "राहू दे. बुधवारी टपाल जायचंय, आपल्या चित्रकाराला सांगतो."

"मीच काढते," मी दाराआडून म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सासूबाईंनी वळून बघितलं. कागदावरची घडी सरांना दिसली होती. दाराकडे पाहत ते म्हणाले, "दुमडायचं नाही मात्र."

"नाही दुमडणार."

वाटलं होतं त्याहून ते जड गेलं. सोमवारी सकाळची कामं उरकून उजेडाला बसले. डावा दात काढला, उजव्याला सुरुवात केली आणि हात आपोआप वर चढला. खोडलं, पुन्हा काढला, पुन्हा तेच. जाळीतून दिसत होतं की रेघ या ठिपक्याशी थांबते, तरी पेन्सिल पुढच्या ठिपक्यावर जाऊन बसे. लहानपणापासून हाताला एकच शिकवलं होतं, की इकडे जे आहे ते तिकडे हवं.

शेवटी मी कोरा कागद घेतला. किड्याची डावी बाजू पुठ्ठ्याने झाकली आणि फक्त उजवी काढली, जणू त्याला दुसरी बाजूच नाही. ती झाल्यावर तिच्यावर वर्तमानपत्र ठेवलं, पुठ्ठा हलवला आणि डावी काढली. एक काढताना दुसरीकडे बघायचंच नाही. शाईसुद्धा तशीच फिरवली.

मंगळवारी दुपारी वर्तमानपत्र उचललं. किडा तिरका वाटत होता, एका बाजूने ओढल्यासारखा. त्या दाताला जरासं वर न्यावं म्हणून बोटं शिवशिवत होती. मी दौत आणि टाक भावोजींच्या हातात दिला. "मी मागितलं तरी आज परत देऊ नका."

"आणि रडलीस तर?"

"तरी नाही."

संध्याकाळी सर आले. त्यांनी किडा चित्राशेजारी ठेवला, भिंग लावलं, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. किती वेळ बघत होते कोण जाणे. पण या वेळी मी दाराआड नव्हते, उंबऱ्यात उभी होते. चुकलेलं नाही, हे मला त्यांच्याआधी माहीत होतं.

"हाच," सर म्हणाले. "याखाली काढणाऱ्याचं नाव घालायला हवं. पूर्ण नाव काय यांचं?"

भावोजी माझ्याकडे बघू लागले. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत त्यांना ठाऊक होती. ते सांगायला लागले, तशी मी म्हटलं, "थांबा. मी लिहिते."

"लिही गो," सासूबाई चुलीपासून म्हणाल्या. "लिहूक कोण नको म्हणता?"

भावोजींनी टाक परत दिला. मी चित्राच्या खाली, कडेला, बारीक अक्षरात लिहिलं. आधी माझं नाव, मग यांचं, मग आडनाव. मराठीतच. सर म्हणाले, इंग्रजीत मी खाली घालतो, हेही राहू दे. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद हातात सपाट धरला आणि मग पाकिटात सरकवला.