आई पुस्तकात नसलेलं वाचते

मंडळी, गोष्ट सांगणाराच खोटं बोलत असेल तर ते कसं ओळखायचं, हे मी कॉलेजात शिकवते. आज दुपारी असा एक नमुना माहेरी, खांदेश्वरला सापडला.

बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढच्या आठवड्यात आहे. वाचायला बंदी, त्यात नजरेचं टेन्शन. म्हणून आई त्यांना रोज वाचून दाखवते. कपाटातली एक जुनी, गाजलेली कादंबरी तिच्या हाताला लागली. त्यातला नायक स्वतःच गोष्ट सांगतो आणि 'मला सगळं नीट दिसतं' असं म्हणत राहतो. त्याची नजर जातेय हे आपल्याला हळूहळू कळतं. शेवटी तो आंधळा होतो. दरवर्षी शिकवते, त्यामुळे मला पाठच आहे.

आणि आज आई वाचत होती, "मी गच्चीवर गेलो. चंद्र अगदी स्वच्छ दिसला."

मी दचकून पुस्तकात डोकावले. असं वाक्यच नव्हतं! आईने माझ्यावर डोळे वटारले.

ती चहा टाकायला उठली तेव्हा मला राहवेना. "बाबा, आई मनाचं वाचतेय."

"माहितीये गं. लग्नाआधीच वाचलीये मी ही. तिला काही बोलू नकोस."

आई परत आली. "कुठे होतो आपण?"

"त्याला चंद्र दिसला, तिथे," बाबा म्हणाले.

वर्गात मी सांगते, निवेदकावर विश्वास ठेवू नका. आज मात्र या दोन्ही लबाडांच्या पाया पडावंसं वाटलं. तुमच्या घरी कोण आहे असं?