आमेननंतरचा पट्टा

आमच्या बेटावरच्या दवाखान्यात कालोलाइने अकरा वर्षं रक्त तपासत आली होती, आणि या अकरा वर्षांत तिला कुणी खोटं पाडलं नव्हतं. म्हणून सोमवारी डॉक्टर तावाके लॅबच्या दारात उभे राहून जे बोलले, ते तिच्या वर्मी लागलं.

"आपले सहा पेशंट राजधानीला गेले होते ना, त्यांचं तिथं परत रक्त काढलं. सहाही जणांचं कोलेस्टेरॉल तुझ्या आकड्यापेक्षा कमी आलं. शुक्रवारच्या बोटीनं मशीन परत द्यायचंय. यापुढं नमुने तिकडं पाठवायचे."

"मशीन चुकत नाही, डॉक्टर."

"मग कोण चुकतं? तू?"

डॉक्टर निघून गेले. बोट चुकली की नमुने पंधरा दिवस धक्क्यावर पडून राहतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच. कालोलाइनेच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. न्यूझीलंडहून बाटल्यांतून मशीन पारखायचा द्रव यायचा, त्याचा आकडा आधीच ठरलेला असायचा. तो तिनं तीनदा मशीनमध्ये घातला. तिन्ही वेळा आकडा बरोबर.

मग तिनं जुनी वही काढली आणि पानं उलटत बसली. जूनमधले दोन आठवडे सगळ्यांचेच आकडे कमी होते. जूनमध्ये काय झालं होतं? त्या दोन आठवड्यांत सिउतिती आत्या चर्चच्या गायनस्पर्धेला गेली होती, आणि रक्त नर्सनं काढलं होतं.

सिउतिती तिच्या बापाची थोरली बहीण. सत्तावीस वर्षं या दवाखान्यात रक्त काढतेय. दुसरी सुई मारायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. आणि आमच्यात आत्याचा शब्द बापाच्याही वर. आत्या चुकली असं म्हणायचं तर आधी आपली जीभ कुठं ठेवायची ते ठरवावं लागतं.

मंगळवारी कालोलाइने कापसाचा डबा शोधायचं निमित्त करून आत्याच्या खोलीत घुटमळली. आत्यानं पेशंटच्या दंडाला रबरी पट्टा आवळला, शीर चाचपली, आणि मग त्याचा हात हातात घेऊन डोळे मिटले. सुईआधी प्रार्थना तर हवीच. पण सिउतितीची प्रार्थना कुणाला वगळत नाही. पेशंटची पोरं झाली, डुकरं झाली, ऑकलंडला कामाला गेलेला भाऊ झाला, मेहुण्याचा गुडघासुद्धा झाला. आमेन म्हणेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळात साडेचार मिनिटं झाली होती. पट्टा तसाच आवळलेला.

कालोलाइनेला उडी मारावीशी वाटली. हात इतका वेळ आवळला की रक्तातलं पाणी शिरेबाहेर झिरपतं, मागं उरतं ते दाट रक्त, आणि कोलेस्टेरॉल उगीच जास्त दिसतं. शिकताना हे तिनं घोकून पाठ केलं होतं, आणि अकरा वर्षं शेजारच्या खोलीत तेच चाललं होतं. स्वतःचाच तिला राग आला. बाटलीला दंड नसतो, पट्टा नसतो, मग तिचा आकडा कशाला चुकेल?

पण हे आत्याला सांगणार कोण?

बुधवारी सकाळी तिनं आत्याला खुर्चीवर बसवलं. "आत्या, आज तुझं रक्त बघू."

"मला काय धाड भरलीय?"

"बस तर खरी."

आधी तिनं डाव्या हाताला पट्टा बांधला आणि लगेच एक नळी भरली. मग उजव्या हाताला बांधला, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. भाऊ झाले, भाचे झाले, डुकरं झाली. तिनं मुद्दाम ऑकलंडपर्यंत मजल मारली.

"पोरी, बोटं झोपली माझी," आत्या पुटपुटली. "आमेन म्हण की आता."

"तुझीच प्रार्थना आहे, आत्या. एक शब्द गाळला नाही."

तासाभरानं दोन चिठ्ठ्या आत्यापुढं ठेवल्या. डाव्या हाताच्या चिठ्ठीवर पाच पूर्णांक चार, उजव्या हाताच्या चिठ्ठीवर सहा पूर्णांक एक. आत्यानं चष्मा लावून दोन्ही वाचल्या, उलटसुलट करून पुन्हा वाचल्या.

"माझ्या प्रार्थनेनं वाढतं होय?"

"पट्ट्यानं वाढतं, आत्या."

आत्या उठली, दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या आणि निघून गेली. दिवसभर लॅबकडं फिरकली नाही. कालोलाइनेला वाटलं, संपलं. मशीनही गेलं आणि आत्याही गेली.

गुरुवारी सकाळी रांग लागली. त्या सहांतले चौघे बेटावर परतले होते. आत्यानं आदल्या संध्याकाळी स्वतः घरोघर फिरून त्यांना बोलावलं होतं, डॉक्टरांनाही. डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. पहिला म्हातारा वेहिकिते. त्यानं सवयीनं बाही वर केली आणि दंड पुढं केला. पट्टा आत्याच्या मांडीवर होता. तिनं सगळी प्रार्थना केली, मेहुण्याच्या गुडघ्यासकट, आमेन म्हणाली, मग पट्टा आवळला आणि लगेच सुई घातली.

"आज उलटं का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सत्तावीस वर्षं उलटंच करत होते," आत्या म्हणाली. "चूक माझी होती. पोरीनं दाखवली."

आमच्या बेटावर आत्याच्या तोंडून असलं कुणी ऐकलं नव्हतं. कालोलाइने दारात नळ्या घ्यायला उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

दुपारी चौघांचे आकडे राजधानीच्या आकड्यांना येऊन भिडले. मशीन भरायला काढलेला रिकामा खोका डॉक्टरांनी स्वतः उचलून परत कोठीत ठेवला. आत्या तेव्हा जुनी वही घेऊन बसली होती, आणि परत बोलवायच्या माणसांची नावं एकेक करून उतरवत होती.