सावित्राची रिकामी ढेकी

अंगात येणं, चकवा लागणं, चिंचेवरची हडळ... असल्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी आजवर एकच औषध देत आले — एरंडेल. दोन चमचे, माझ्यासमोर. नर्सच्या नोकरीत वीस वर्षं झाली, एरंडेलाने उतरलं नाही असं भूत मला भेटलेलं नाही. तेव्हा आज मीच हे लिहायला बसले म्हटल्यावर ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं. थांबते मी.

झालं? आता ऐका.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. चांदा जिल्ह्यात, ब्रह्मपुरीहून वैनगंगेकडे जाताना एक धानाचं गाव लागतं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून माझ्याकडूनच सुया टोचून घेतात. मी तिथल्या सरकारी दवाखान्याची नर्सबाई. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक टेबल आणि एक लोखंडी ट्रंक.

सावित्राचं बाळंतपण मीच केलं. मुलगी झाली. पुढे दर महिन्या-दीड महिन्याने सावित्रा दारात — कधी कपाळ फुटलेलं, कधी मनगट सुजलेलं.

"पडली, बाई."

"कुठे?"

"इथीच. अंगणात."

चौथ्यांदा मी वैतागले. "सावित्रा, एवढं तर दारुडेही पडत नाहीत गं!" ती आधी हसली, मग जी रडायला लागली... नवऱ्याचं नाव मारोती. दारू नाही, काही नाही. नुसता हात उठायचा, लग्न झाल्यापासून. तीन वर्षं.

मी तणतणत पाटलांकडे गेले. पाटील पान लावत होते. "नवराबायकोचा मामला हाय, नर्सबाई," ते म्हणाले, "तुमी लेकरं काढा. लोकायची घरं काऊन मोडता?"

मग आम्ही बायकांनीच प्लॅन केला. नदीपलीकडे, आरमोरीच्या बाजूला, सावित्राचा भाऊ होता. कासाबाई ढिवरीण तिला डोंग्यातून पार करणार. दोन लुगडी आणि पोरीची अंगडी असं गाठोडं माझ्या ट्रंकेत. पण निघायचं कधी? सावित्राचं आपलं "धान निघू द्या", "पोरगी चालू लागू द्या". माझं डोकं फिरायचं, पण जाणार ती होती, मी नव्हे. म्हणून ठरलं — जिवावर बेतलं तर तिने खूण करायची, आणि ऐकेल त्या बाईने हातातलं काम टाकून धावायचं.

आता खूण कोणती? देवा! सात बायका आणि नऊ मतं. एक म्हणे कुंपणावर लाल लुगडं टाक. दुसरी म्हणे, "अन् तिनं धुवून वाळू घातलं तं? रोजच धावाचं का आपुन?" शेवटी शेजारच्या सखूबाईने तोड काढली. सावित्राच्या स्वयंपाकघराला लागून पडवीत ढेकी होती. भात कांडायची ती लांब लाकडी दांडी — मागून पायाने दाबायची, पुढे बसवलेलं मुसळ उखळात आपटतं. आमच्याकडे रिकाम्या उखळात ढेकी कुणी वाजवत नाही. घरातलं धान सरतं म्हणतात. तेव्हा कोरडा ठक्-ठक् आवाज आला की समजायचं, सावित्रा बोलावते आहे.

झकास! मी म्हटलं, चला, एकदा वाजवून पाहू. सगळ्या अंगावर आल्या. "काईतरीच का बाई! उगाच रिकामी वाजवतेत का?" म्हणजे खूण ठरली, पण तालीम करायची नाही! कपाळावर हात मारून घरी आले.

आणि हीच शहाणी सखूबाई पंधरा दिवसांनी बोडीवर, म्हणजे तळ्यावर, धुणं धुताना फुशारकीने सगळं बोलून गेली. ते मारोतीच्या कानावर गेलं.

पौषातली दुपार. मी सुया उकळत होते. आणि आला. ठक्... ठक्... ठक्... कोरडा, खालून दाणा नसलेला. चिमटा हातात तसाच घेऊन मी पळत सुटले. सखूबाई खळ्यावरून सूप घेऊन आली. कासाबाई ओल्या लुगड्यानिशी, खांद्यावर जाळं. ती दूरच्या बोडीवर होती, तिथवर शाळेची घंटासुद्धा पोहोचत नाही. सातही जणी आल्या.

दाराला बाहेरून कडी. उघडलं तर सावित्रा चुलीपाशी पडलेली, हात दोराने बांधलेले, डोक्यातून रक्त. पोरगी कोपऱ्यात. "कुऱ्हाडीले धार लावाले गेला लोहाराकडं," सावित्रा कशीबशी म्हणाली, "येतो म्हने."

दोर सोडला, डोकं बांधलं, तिला दोघींनी धरून अंगणात आणलं — तर समोर मारोती. एका हातात कुऱ्हाड. आम्ही सात जणी. शस्त्रं: एक सूप, एक जाळं, एक चिमटा. मी म्हटलं, संपलं.

पण तो आमच्याकडे पाहतच नव्हता. तो पडवीकडे पाहत होता.

"ढेकी कोनं वाजवली?"

सखूबाईने सूप पुढे धरलं.

"कोनं वाजवली म्हनतो मी!" त्याचा आवाज चिरकला. "मुसळ तं माह्यापाशी हाय!"

तेव्हा मला त्याच्या खांद्यावर दिसलं. सकाळीच त्याने ते ढेकीतून उपटून काढलं होतं. पडवीत नुसती दांडी, समोर रिकामं उखळ. मुसळ इतका वेळ लोहाराच्या भिंतीला टेकून उभं होतं, असं त्यानेही नंतर सांगितलं.

मारोतीच्या हातून कुऱ्हाड पडली. तो मटकन खाली बसला. कासाबाईने कुऱ्हाड उचलली आणि मला म्हणाली, "पाहून काय राह्यली, नर्सबाई? गाठोडं आना!"

डोंग्यात मी सावित्राला विचारलं, हात बांधलेले असताना वाजवलीस तरी कशी?

"काय वाजवलं?"

"ढेकी!"

"मले तं काई आयकू नाई आलं, बाई."

एका भिंतीपलीकडे पडलेली, आणि तिलाच ऐकू आलं नाही!

मी सगळं करून पाहिलं. सुतारपक्षी? दुसऱ्या घरची ढेकी? गावातल्या बाकी पाचही ढेक्या तपासल्या, सगळ्यांत धान होतं. सात बायकांना आणि एका नवऱ्याला एकदमच भास झाला म्हणावं, तर... मी स्वतः दोन चमचे एरंडेल घेतलं. काही उपयोग झाला नाही.

सावित्रा भावाकडे आहे, परत गेली नाही. पण खरं सांगू? मला भीती नाही वाटत, राग येतो. ते जे कोण होतं, ते तीन वर्षं काय झोपलं होतं? कपाळ फुटलं तेव्हा कुठे होतं? मनगट सुजलं तेव्हा?

सध्या माझ्या ट्रंकेत दुसऱ्या एका बाईचं गाठोडं आहे. तिची खूण काशाची थाळी ठरवली आहे, आणि या खेपेला मी सगळ्यांकडून तीनदा तालीम करून घेतली. सखूबाईला धुण्याला एकटीला सोडत नाही. तरी दुपारी सुया उकळताना माझा एक कान सावित्राच्या त्या पडवीकडे असतोच.

अजून तरी वाजलेली नाही.