एका हाताच्या खुणा

"सकाळची गोळी घेतली नाही ना?" मी विचारलं.

शेषरावांनी मान हलवली. हो. मी सुया टोचल्या, नळ्या जोडल्या आणि मशीन सुरू केलं.

दीड तासाने त्यांचा बीपी इतका खाली गेला की मॉनिटरवरचे आकडे मला दोनदा वाचावे लागले.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या युनिटची इनचार्ज. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत, त्यांचं रक्त मशीनमधून फिरवून स्वच्छ करायचं आणि अंगात साठलेलं जास्तीचं पाणी काढायचं, हे आमचं काम. एका वेळेला चार तास लागतात, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. लॉकडाऊन लागला म्हणून ते थांबवता येत नाही. ज्यांना कोविड सगळ्यात जास्त धोक्याचा होता, त्याच लोकांना आम्ही घराबाहेर बोलावत होतो.

शेषराव काटोलचे. मंडीत संत्री निवडायचे. फळ तळहातावर एकदा फिरवलं की कोणत्या पेटीत जाणार ते त्यांना कळायचं. लहानपणी मोठा ताप आला होता, त्यात ऐकू येणं गेलं. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं ओळखायचे. स्वतः तुटक बोलायचे, पण सवय झालेल्याला समजायचं. बायको शोभाताई दर वेळी सोबत असायच्या. बेडजवळ स्टूल घेऊन बसायच्या आणि काही अडलं की दोन खुणांत मिटवायच्या. अशी तीन वर्षं गेली. शेषरावांना ऐकू येत नाही, ही आमच्या कामातली अडचण आहे असं मला या तीन वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. ती अडचण शोभाताई एकट्या सांभाळत होत्या, म्हणून.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. नातेवाइकांना युनिटमध्ये यायची बंदी झाली. आणि आमच्या तोंडावर एन-९५ मास्क आणि त्यावर फेस शील्ड आली. पेशंटच्याही तोंडावर मास्क आला, त्यामागून शेषरावांचं तुटक बोलणं कळेना.

बीपी पडला त्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला एका पेशंटची सुई काढत होते. शेषरावांनी हात वर करून हलवला. सिस्टरने पाहिलं. त्यांच्या अंगाला काटा आला होता, म्हणून थंडी वाजते आहे असं समजून तिने पांघरूण आणून गळ्यापर्यंत ओढून दिलं. डाव्या हातात सुया, तो हलवायचा नाही. उजवा हात पांघरुणाखाली गेला.

शेजारच्या बेडवर धरमपेठेतले घाटे काका होते. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, सगळ्यांवर लक्ष ठेवायची सवय. ते ओरडले, "अहो मॅडम, हा माणूस पांढरा पडलाय!"

मी धावले. पाणी ओढणं थांबवलं, पलंगाचं पायथ्याकडचं टोक वर केलं, सलाइन सोडलं. डॉक्टर आले. दहा मिनिटांनी शेषरावांनी डोळे नीट उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सुटून गेलेल्या बसकडे पाहावं तसं पाहिलं त्यांनी, हताश. ती नजर मला अजून आठवते.

शोभाताई बाहेर पार्किंगच्या शेडमध्ये बसल्या होत्या. पहाटे भाजीपाल्याच्या पिकअपमध्ये बसून दोघं आले होते. मी पीपीई किट उतरवून त्यांच्याकडे गेले.

"ताई, नवीन बीपीची गोळी आज दिली होती का?"

"देली ना. चिठ्ठीवर सकाळी लिहिलं हाय."

"डायलिसिसच्या दिवशी द्यायची नव्हती, पाणी काढताना बीपी तसाही उतरतो. डॉक्टरांनी मागच्या वेळी शेषरावांना सांगितलं होतं."

"त्यायले सांगितलं?" शोभाताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "कसं सांगितलं? तोंड झाकून?"

मी म्हणाले, "आज मीही विचारलं होतं. त्यांनी हो म्हटलं."

"ते आता सगळ्यालेच हो म्हणतेत, मॅडम. नाही म्हटलं तं तुम्ही पुन्हा विचारसान. तेही समजणार नाही. लोकायले खोळंबा नको म्हणून हो म्हणतेत. मले आत काहून नाही येऊ देत?"

आत जाताना मी माझा प्रश्न मनात पुन्हा उच्चारून पाहिला. घेतली नाही ना? यावर मान हलली तर अर्थ काय घ्यायचा? घेतली, की नाही घेतली? असा प्रश्न ऐकू येणाऱ्या माणसालाही विचारू नये. आणि शेषरावांना तर तो पोचलाच नव्हता. त्या दिवशीच्या नोंदीत मी 'पेशंटने चुकीची माहिती दिली' असं लिहायला घेतलं होतं. ते खोडून 'माहिती पेशंटपर्यंत पोचली नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. शोभाताईंना आत घेऊ द्या म्हणाले.

"एकाला सोडलं तर सगळे मागतील."

"सगळ्यांना ऐकू येतं, सर."

"आणि तिला इन्फेक्शन असलं तर? आत बारा पेशंट आहेत. जबाबदारी कोण घेणार?"

यात ते चुकीचे नव्हते. आमच्या पेशंटची प्रतिकारशक्ती आधीच कमी. एका माणसाच्या सोयीसाठी अकरा जणांना धोक्यात टाकायचं का, हा खरा प्रश्न होता. मी परत आले.

उपाय सापडला तो युनिटच्या काचेत. एका बाजूला मोठी काच आहे, तिच्यापलीकडे उघडा पॅसेज. आतलं दिसू नये म्हणून काचेवर दुधी फिल्म चिकटवलेली. डोळ्यांच्या उंचीवर ती फिल्म काढली तर शोभाताई बाहेर मोकळ्या हवेत उभ्या राहून आत खुणा करू शकणार होत्या. एकच घोळ होता. डायलिसिस मशीनला शुद्ध केलेल्या पाण्याची लाइन लागते, ती भिंतीतून येते. त्यामुळे बेड मनात येईल तिथे सरकवता येत नाही. काचेजवळ पाण्याचा पॉइंट असलेला बेड एकच, आणि तो घाटे काकांचा.

"दोन वर्षं मी इथे पडतोय," काका म्हणाले. "एसीचा झोत इथे येत नाही. दुसरीकडे मला सर्दी होते."

"काका, त्या दिवशी तुम्ही ओरडलात म्हणून वाचले ते."

"म्हणजे आता बेडही मीच द्यायचा?"

पुढच्या वेळी काका कानटोपी घालून आले आणि स्वतःहून शेजारच्या बेडवर जाऊन झोपले. चार तास एसीबद्दल कुरकुर करत होते.

साहेबांनी लेखी अर्ज मागितला, तो दिला. फिल्म मी आणि सिस्टरने ब्लेडने खरवडली.

पहिल्या दिवशी शोभाताई काचेपलीकडे उभ्या राहिल्या तेव्हा शेषराव इतकं हसले की मशीनवर प्रेशरचा अलार्म वाजला. पण लगेच नवीन अडचण कळली. घरी दोघांनी मिळून तयार केलेल्या बहुतेक खुणा दोन हातांच्या होत्या. आणि इथे डावा हात चार तास अडकलेला. शोभाताई शेजारी असायच्या तेव्हा ते तोंडाने बोलायचे, आता काचेतून आवाज जात नव्हता. म्हणजे शेषराव खुणांनी ऐकू शकत होते, बोलू शकत नव्हते.

मग त्या दोघांनीच एका हाताच्या खुणा बसवल्या. मी मध्ये उभी राहून वहीत चित्रं काढत होते. मूठ पिळली म्हणजे पायात गोळे. तळहात कपाळावरून घसरला म्हणजे चक्कर. बोट छातीवर दोनदा आपटलं म्हणजे लगेच या. मी एखादी खूण चुकीची केली की शेषराव मान जोरात हलवायचे. नाही. महिनाभरात त्यांच्याकडून आलेला तो पहिला नकार होता, आणि मला बरं वाटलं.

चित्रांची कार्डं करून प्रत्येक बेडला अडकवली. प्रश्न बदलले. 'घेतली ना, नाही ना' बंद. गोळ्यांची पाकिटं समोर धरायची आणि आज यातली कोणती, ते बोटाने दाखवायला सांगायचं. घशात नळी घालून बोलणं बंद झालेला एक पेशंट नंतर आला, त्यालाही तीच कार्डं चालली. दोन आठवड्यांनी शेषरावांचा तळहात कपाळावरून घसरला. बीपी मोजला तर नुकताच उतरायला लागला होता. पाणी ओढायचा वेग कमी केला. पाच मिनिटांचं काम.

सगळ्यात जास्त खुणा शिकले घाटे काका. चार तास करायचं काय, म्हणून. भाजीपाला कसा काय, मंडी उघडली का, सगळं हाताने विचारायचे. शेषराव त्यांच्या एसीच्या तक्रारीची नक्कल करून दाखवायचे.

दुसऱ्या लाटेत काका गेले. घरातच कुणाकडून तरी लागण झाली. त्या दिवशी शेषरावांनी रिकाम्या बेडकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहिलं. कार्डांमध्ये ती खूण नव्हती. मी काचेकडे गेले, शोभाताईंना फोनवर सांगितलं आणि त्यांनी नवऱ्याला कळवलं. शेषरावांनी उजवा हात बराच वेळ डोळ्यांवर ठेवला होता.

साथ ओसरली, नातेवाईक आत यायला लागले. साहेबांनी विचारलं, "आता नवीन फिल्म लावायची का?" मी म्हटलं राहू द्या. ते म्हणाले, राहू द्या.

गेल्या वर्षी शेषरावांच्या घराजवळ छोटं सेंटर सुरू झालं आणि ते तिकडे गेले. मी तिथल्या टेक्निशियनसाठी चार पानं लिहून दिली होती. कसं विचारायचं, कुठे उभं राहायचं, मास्क कधी खाली घ्यायचा. आठवड्याने त्याचा फोन आला.

"मॅडम, तुमची पानं अजून वाचायची राहिली. पहिल्याच दिवशी शेषरावांनी मला शेजारी बसवलं आणि सगळं शिकवलं. चुकलो की हातावर चापट मारतात."

मी तीन वर्षं त्यांना कधी विचारलं नव्हतं की आम्ही तुमच्याशी कसं बोलू. विचारायला दोन मिनिटं लागली असती. न विचारल्यामुळे काच खरवडायला लागली, अर्ज लिहावा लागला, आणि एका माणसाचा जीव जाता जाता वाचला.